पत्र्याखालची आई

आमचे घर येरवड्यात आहे. दोन खोल्या, पुढे ओटा, मागे हातभर अंगण आणि अंगणाच्या टोकाला एक गॅरेज. गॅरेज म्हटले की वाचकांच्या डोळ्यांपुढे बंगला आणि मोटार उभी राहील. तसे काही नाही. आमचे बाबा रिक्षा चालवीत. बारा वर्षे दुसऱ्याची रिक्षा पाळीने चालवली आणि १९८४ साली बँकेचे कर्ज काढून स्वतःची घेतली. रात्री ती रस्त्यावर लावली की कुणी हूड फाडी, कुणी पेट्रोल काढून नेई. म्हणून बाबांनी अंगणात दहा बाय आठचे गॅरेज बांधले. तिन्ही बाजूंनी विटांच्या भिंती, पुढे लोखंडी दार आणि वर सिमेंटचे पत्रे. आमच्या घराला तेव्हा प्लॅस्टर नव्हते, पण रिक्षाला गॅरेज होते! बाबा आल्यागेल्याला मोठ्या अभिमानाने ते दाखवीत.

२००९ साली बाबा गेले. रिक्षा विकावी लागली. गॅरेजमध्ये अडगळ साठली. इकडे मुली मोठ्या होत होत्या. थोरलीला अभ्यासाला जागा हवी, धाकटीला झोपायला जागा हवी. २०१६ साली एके दिवशी आईच म्हणाली, "मी मागं गॅरेजात निजत जाईन. मला घरात गर्दीत झोप लागत नाही."

आम्ही तिचे ऐकले. अडगळ काढली, भिंतींना रंग दिला, खाट टाकली, पंखा लावला. बाबासाहेबांची तसबीर लावली आणि शेजारी बाबांचा फोटो लावला. शेजारीपाजारी म्हणाले, आजीला स्वतंत्र खोली मिळाली. आम्हालाही तसेच वाटले. खरे तर तसे वाटून घेणे आम्हाला सोयीचे होते. आम्ही म्हणजे आम्ही दोघे, नवरा-बायको. हे लिहिणे दोघांचे आहे, कारण चूकही दोघांची आहे.

आमच्या आईने उभा जन्म बिगारी काम केले. कल्याणीनगर आणि विमाननगरच्या इमारतींच्या स्लॅबसाठी तिने डोक्यावरून घमेली वाहिली. दुसऱ्यांच्या डोक्यावर स्लॅब घालणारे हे हात, त्यांच्या वाट्याला मात्र पत्राच आला. तोही रिक्षासाठी घातलेला! पण आई कधी बोलली नाही. उन्हाळ्याच्या दुपारी ती भिंतीच्या सावलीला बसून वाकळ शिवायची. आम्हाला वाटे, तिला मोकळ्या हवेची आवड आहे. आत बसवत नाही म्हणून ती बाहेर बसते, हे आमच्या ध्यानातच आले नाही.

तो रविवार

२३ एप्रिल २०१९ ला लोकसभेचे मतदान झाले. आई उन्हातून चालत जाऊन मत देऊन आली. पाच दिवसांनी, २८ एप्रिलच्या रविवारी, शिवाजीनगरच्या वेधशाळेत ४३ अंश तापमान नोंदले गेले. एप्रिल महिन्यातला पुण्याचा उच्चांक ४३.३ अंशांचा, आणि तो १८९७ सालचा! म्हणजे असले ऊन शंभर-सव्वाशे वर्षांत एखाद्या वेळी पडते.

आम्ही घरात पंख्याखाली टीव्ही पाहत बसलो होतो. दुपारी तीनच्या सुमारास थोरली आजीला चहा द्यायला गेली आणि ओरडत परत आली. आम्ही धावलो. आई खाटेवर पडली होती. अंग तव्यासारखे तापलेले, कातडी कोरडी, डोळे अर्धे उघडे. ती बाबांशी बोलत होती. "रिक्षा आत घ्या हो. ऊन लागतंय तिला. आत घ्या."

बाबांना जाऊन तेव्हा दहा वर्षे झाली होती.

शेजारच्या वहिनी आरोग्य खात्यात काम केलेल्या. त्यांनी आम्हाला भानावर आणले. आईला उचलून घरात आणले, लुगडे सैल केले, अंगावर पाणी ओतले, मानेला आणि काखेत ओली फडकी ठेवली आणि पंखा जोरात लावला. आम्ही तोंडात पाणी घालू लागलो तेव्हा वहिनींनी हात धरला. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी घालू नये, ते श्वासनलिकेत जाते. मग रिक्षा बोलावली आणि सरकारी दवाखाना गाठला. आई वाचली.

दुसऱ्या दिवशी तरुण डॉक्टरीणबाईंनी आम्हाला बाजूला घेऊन विचारले, "आजी झोपतात त्या खोलीला छप्पर कसलं आहे?"

"सिमेंटचा पत्रा."

"रात्री ती खोली थंड होते का?"

आम्ही एकमेकांकडे पाहिले. आम्हाला उत्तर येईना. तीन वर्षांत त्या खोलीत आमच्यापैकी कुणी एक रात्रसुद्धा झोपले नव्हते. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी एवढेच सांगितले, की म्हाताऱ्या माणसाला तहान कमी लागते, घामही कमी येतो. दिवसा तापलेले शरीर रात्री निवले पाहिजे. रात्रीही खोली तापलेलीच राहिली तर शरीर थकत जाते आणि एका दिवशी कोसळते.

घरापासून गॅरेज वीस पावलांवर आहे. त्या वीस पावलांचे ओझे अजून मनावर आहे.

वेधशाळेची पेटी

आई घरी आल्यावर आम्ही तिला पुढच्या खोलीत ठेवले आणि आमच्यातला एकजण गॅरेजमध्ये झोपू लागला. रात्रीचे अकरा वाजले तरी भिंतीला हात लावला की चटका जाणवे. पंखा गरम हवाच अंगावर टाकी. डोक्यावर जणू निखाऱ्याची पाटी धरली आहे असे वाटे. जूनमध्ये पाऊस आला, गारवा आला आणि आमचा निश्चय पावसाबरोबर वाहून गेला. जुलैमध्ये आई आपली वळकटी उचलून परत गॅरेजमध्ये गेली. "आता थंड झालंय," म्हणाली. आम्ही गप्प बसलो.

पुढे फेब्रुवारी २०२० मध्ये धाकटी शाळेच्या सहलीतून शिवाजीनगरचे सिमला ऑफिस पाहून आली. वाचकांना हे नाव ठाऊक असेल. हवामान खात्याचे मुख्य कार्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्याला आले, म्हणून त्या इमारतीला पुणेकर अजून सिमला ऑफिस म्हणतात. धाकटीने वहीत एक चित्र काढून आणले होते. चार पायांवर उभी असलेली पांढरी लाकडी पेटी. तिच्या चारी बाजूंना खिडकीच्या झडपांसारख्या तिरप्या पट्ट्या. थर्मामीटर ह्या पेटीत ठेवतात. पेपरात छापून येते ते तापमान हेच! थॉमस स्टीव्हनसन नावाच्या स्कॉटिश इंजिनिअरने १९ व्या शतकात ही पेटी तयार केली, म्हणून तिला स्टीव्हनसन पेटी म्हणतात.

धाकटी सांगत होती आणि आम्ही ऐकत होतो. पेटी पांढरी कशासाठी? ऊन परत फिरावे म्हणून. पट्ट्या कशासाठी? वारा खेळावा, पण ऊन आत येऊ नये म्हणून. आणि पेटीला छपरे दोन! वरच्या छपराला ऊन लागते, मधल्या फटीतून हवा वाहते, खालचे छप्पर तापत नाही.

मग ती पोर सहज बोलून गेली, "बाबा, त्या थर्मामीटरला दोन छपरं आहेत. आजीला एकच."

तेव्हा आम्हाला कळले. पेपरात ४३ अंश छापून येतात ते पांढऱ्या, हवेशीर, दोन छपरांच्या पेटीतले असतात. पत्र्याखालच्या माणसाचे तापमान कुठल्याच पेपरात छापून येत नाही. आम्ही भिंतीवर टांगायचा एक थर्मामीटर आणला. पुढे मे महिन्यात पेपरात ३९ आकडा असे, तेव्हा आईच्या खाटेशी ४४ असत.

आमच्या चुका

पहिली चूक थर्मोकोलची. कुणी सांगितले, पत्र्याला आतून थर्मोकोल चिकटवा. आम्ही ताव आणले, रबराचे सोल्युशन आणले आणि एका रविवारी चिकटवायला बसलो. पाहतो तो काय! सोल्युशनने थर्मोकोलच खाल्ला. साखर विरघळावी तशी त्याला भोके पडली. उरलेले ताव रात्री आईच्या अंगावर गळून पडले. ती म्हणाली, "बर्फ पडतोय का रे पुण्यात?" गल्लीतल्या वायरमनदादांनी मात्र गंभीरपणे सांगितले, की उघडा थर्मोकोल चटकन पेटतो, वितळून खाली ठिबकतो आणि त्याचा काळा धूर विषारी असतो. वर वायरी, खाली म्हातारे माणूस. आम्ही त्याच दिवशी सगळा काढून टाकला.

दुसरी चूक गोणपाटाची. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला. दुकाने बंद, कामे बंद, पाचही माणसे दिवसभर घरात. आईला गावाकडची आठवण झाली. तिथे उन्हाळ्यात छपरावर उसाचे पाचट पसरीत. आमच्याकडे पाचट कुठले! आम्ही गोणपाट भिजवून पत्र्यावर टाकले. गारवा आला, कारण पाणी वाळताना उष्णता घेऊन जाते. माठातले पाणी थंड होते ते ह्याच नियमाने. पण गोणपाट तासाभरात खडखडीत वाळे. पुन्हा पाणी आणायचे कुठून? प्यायला भरून ठेवलेले पाणी छपरावर ओतणे जिवावर येई. आणि ओल्या गोणपाटाच्या वजनाने एका जुन्या पत्र्याला लांब तडा गेला.

हा तडा मात्र आम्हाला शहाणे करून गेला. फुटलेला तुकडा हातोडीने तोडून काढावा म्हणून आम्ही शिडी लावली, तेवढ्यात शेजारचे काका धावत आले. ते एका कारखान्यातून निवृत्त झालेले. म्हणाले, "थांबा! तो नुसता सिमेंटचा पत्रा नव्हे. त्यात अ‍ॅसबेस्टॉस आहे."

त्यांनी सांगितले ते प्रत्येक घराने लक्षात ठेवावे असे आहे. जुन्या सिमेंटच्या पत्र्यात अ‍ॅसबेस्टॉसचे बारीक तंतू असतात. पत्रा अखंड असला, त्याला कुणी छेडले नाही, तर तंतू सहसा बाहेर पडत नाहीत. पण तो फोडला, कापला, त्याला भोक पाडले किंवा कोरडाच घासला तर धूळ उडते आणि ती फुप्फुसात जाऊन बसते. तिच्यामुळे होणारा कर्करोग वीस-तीस वर्षांनीही उद्भवतो. सर्व प्रकारच्या अ‍ॅसबेस्टॉसपासून कर्करोग होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट म्हटले आहे. युरोपियन युनियनने २००५ पासून त्याचा वापर बंद केला. आपल्याकडे २७ जानेवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅसबेस्टॉसच्या कामगारांच्या खटल्यात निकाल दिला, की कामगाराचे आरोग्य हा संविधानाच्या २१ व्या कलमातील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. पण ते पत्रे आपल्या वस्त्यांच्या डोक्यावर आजही आहेत.

सगळे पत्रे बदलावेत इतका पैसा आमच्याजवळ नव्हता. मग आम्ही ठरवले, की ह्या पत्र्याला एकही खिळा मारायचा नाही, एकही भोक पाडायचे नाही. तडा गेलेला भाग पाणी मारून ओला ठेवला आणि सिमेंटचा लेप देऊन बुजवला. गळून पडलेला तुकडा ओला करून प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत बांधला, पोरांच्या हाती लागू दिला नाही.

आईची वाकळ

आता करायचे काय? उत्तर आईनेच दिले. ती वाकळ शिवत होती. म्हणाली, "थंडीत वाकळ घेता की नाही? वाकळ काय शेगडी आहे? ती ऊब देत नाही, अंगातली ऊब बाहेर जाऊ देत नाही. बर्फवाला बर्फ कशात ठेवतो? गोणपाटात नि भुश्यात. तिथं बाहेरची ऊब आत येऊ देत नाही. मग पत्र्याला वाकळ घाला की!"

शाळेत न गेलेल्या आमच्या आईने विज्ञानाचा धडा एका वाक्यात सांगितला. चिंध्यांचे थर एकमेकांवर घातले की त्यांच्यामध्ये हवा अडकते. अडकलेली हवा उष्णता सहजी पुढे जाऊ देत नाही. वाकळीचे मर्म चिंध्यांत आहे त्याहून जास्त त्या हवेत आहे.

पण खरी वाकळ छपराला बांधली तर पावसात ओल धरेल आणि उंदीर घरटी करतील. म्हणून आम्ही आईची वाकळ आणि धाकटीची पेटी ह्या दोन्हींचा मेळ घातला. २०२१ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, चार रविवार खर्चून, घरच्या घरी काम केले. वाचकांना उपयोगी पडावे म्हणून क्रमाने सांगतो.

पहिल्या रविवारी चुना. पत्र्यावर आधी पाणी मारले आणि लांब बांबूला ओले फडके बांधून हलकेच पुसले. तारेचा ब्रश अजिबात वापरला नाही. कळीचा चुना आदल्या रात्री भिजवला. तो पाण्यात पडताच उकळतो, म्हणून मुलींना लांब ठेवले आणि डोळ्यांना चष्मा लावला. सकाळी चुना फडक्यातून गाळला, धरून राहावा म्हणून त्यात थोडा फेव्हिकॉल घातला आणि दोन हात दिले. सगळे काम शिडीवर उभे राहून, लांब दांड्याच्या ब्रशने केले. सिमेंटच्या पत्र्यावर पाय कधीही ठेवू नये. वरून तो भक्कम दिसतो, पण माणसाच्या वजनाने फुटतो आणि माणूस खाली येतो. असे पडून कितीतरी कामगार मेले आहेत.

दुसऱ्या रविवारी झरोके. पुढची भिंत उंच, मागची ठेंगणी, त्यामुळे पत्र्याला उतार होताच. मागच्या भिंतीत पत्र्याच्या खाली दोन विटा काढल्या, पुढे दाराच्या वर तीन विटा काढल्या आणि सगळीकडे बारीक जाळी बसवली. गरम हवा वर चढते. ती पुढच्या उंच झरोक्यातून बाहेर पडते आणि तिच्या जागी मागच्या झरोक्यातून बाहेरची हवा येते. वीज लागत नाही, बिल येत नाही.

तिसऱ्या रविवारी चंदेरी कागद. बाजारात फुग्याफुग्यांचे चंदेरी शीट मिळते, दोन्ही बाजूंनी चकचकीत. आम्ही भिंतीपासून भिंतीपर्यंत बारीक तारा ताणल्या आणि पत्र्याच्या तीन बोटे खाली ते शीट त्या तारांवर पसरले. ते पत्र्याला चिकटवले नाही. ह्यात कारण आहे. तापलेला पत्रा खालच्या माणसावर उष्णता फेकत असतो, शेगडीपुढे बसल्यावर लागते तशी. चकचकीत शीट ती उष्णता परत फिरवते. थर्मासच्या बाटलीला आतून चांदीसारखा लेप असतो तो ह्याचसाठी. पण शीट पत्र्याला टेकले तर पत्र्याची उष्णता थेट त्यात उतरते आणि चकाकी वाया जाते. मध्ये हवा हवीच. शिवाय ह्या चंदेरी शीटमधून वीज वाहू शकते. म्हणून वायरमनदादांकडून सगळ्या वायरी आधी पाइपात घालून भिंतीवर खाली उतरवून घेतल्या, मगच शीट लावले.

चौथ्या रविवारी तट्ट्या. मंडईजवळच्या बुरुड आळीतून बांबूच्या विणलेल्या तट्ट्या आणल्या आणि भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून लाकडी पट्ट्या आणल्या. पट्ट्या भिंतींना ठोकल्या आणि शीटच्या खाली वीतभर जागा सोडून तट्ट्यांची आडछपरी बांधली. तट्ट्यांना भिंतीशी फट ठेवली, म्हणजे पावसाळ्यात ओल साचून बुरशी धरत नाही. खाली स्टोव्ह, दिवा, मेणबत्ती लावायची नाही, असा नियम केला, कारण बांबू शेवटी जळणारा.

सगळा खर्च आमच्या महिन्याच्या किराण्याहून थोडा जास्त आला. चुना दर पावसाळ्यात धुऊन जातो, म्हणून दर मार्चमध्ये नवा हात द्यावा लागतो. बाकीचे आजही तसेच आहे.

त्या वर्षीच्या मे महिन्यात आम्ही थर्मामीटरकडे पाहत बसायचो. बाहेर ३८, तर आत ३८, कधी ३९. ही काही थंड हवेची जागा झाली नाही, हे खरे आहे. जो पंखा आधी आग ओकी, त्याचा वारा आता अंगाला लागू लागला. डोक्यावरची निखाऱ्याची पाटी मात्र उतरली. आणि रात्री दहाच्या आत खोली निवू लागली. थंडीतही ऊब टिकू लागली, कारण वाकळ दोन्हीकडून काम करते.

छप्पर हा हक्क आहे

हे लिहिताना एक गोष्ट मनात येते. १९४८ च्या कारखाना कायद्याचे १३ वे कलम काकांनी आम्हाला दाखवले. कारखान्याच्या भिंती आणि छप्पर अशा सामानाचे आणि असे बांधलेले असावे, की आतले तापमान होईल तेवढे कमी राहील, असे त्यात लिहिले होते. म्हणजे कामगार यंत्रापाशी उभा असतो तेव्हा त्याच्या डोक्यावरचे छप्पर तापू नये, हे देशाने स्वातंत्र्याच्या दुसऱ्याच वर्षी मान्य केले. १९४२ ते १९४६ ह्या काळात बाबासाहेब मजूर खात्याचे मंत्री होते. कामगार हा माणूस आहे, हा विचार त्यांनी तेव्हाच सरकारच्या गळी उतरवला होता. पण तोच कामगार घरी येऊन पत्र्याखाली झोपतो तेव्हा काय? त्याची आई, त्याची बाळंतीण बायको, अभ्यास करणारे त्याचे पोर दिवसभर त्याच पत्र्याखाली असते, त्यांचे काय?

काही ठिकाणी ह्याचा विचार सुरू झाला आहे. मे २०१० च्या लाटेत अहमदाबादेत शेकडो माणसे गेली. त्यानंतर २०१३ साली त्या शहराने उन्हाळ्याशी सामना करण्याची योजना केली आणि पुढे वस्त्यांमधली छपरे पांढरी करण्याचे काम हाती घेतले. तिथल्या महिला हाउसिंग ट्रस्टने वस्तीतल्या बायकांनाच हे काम शिकवले. तेलंगण सरकारने २०२३ साली थंड छपरांचे धोरणच जाहीर केले. आपल्या वॉर्डातही नगरसेवकाकडे रस्ते, गटार, दिवे मागताना छपराचा चुना मागायला काय हरकत आहे? मागितल्यावाचून आपल्याला काय मिळाले आहे?

पण सरकारची वाट पाहत आपल्या घरातले माणूस पत्र्याखाली भाजू द्यायचे का? हा प्रश्न आम्ही आधी स्वतःलाच विचारला. गरिबी होती हे खरे. पण जे चार रविवार आम्ही २०२१ साली काढले ते २०१६ सालीही काढता आले असते. आई बोलत नव्हती म्हणून आम्ही पाहत नव्हतो. कष्टाने पिकलेली माणसे बोलत नाहीत. सोसण्याची त्यांना सवय लागलेली असते. त्या सवयीला आम्ही त्यांची आवड समजतो, आणि तीच आमची चूक होते.

आई आता ऐंशीची आहे. दुपारी गल्लीतली चार-पाच पोरे तिच्या गॅरेजमध्ये अभ्यासाला बसतात, कारण भर उन्हात तिथे बसवते. आई वाकळ शिवत त्यांच्यावर नजर ठेवते. दर मार्चमध्ये आम्ही शिडी लावली की ती खाली उभी राहून सांगते, "तो कोपरा राहिला बघ."

ह्या वर्षी चुना देऊन झाल्यावर आम्ही तिला शेवटी विचारलेच. "आई, तेव्हा एवढं गरम व्हायचं, तर बोलली का नाहीस?"

ती सुईत दोरा ओवीत म्हणाली, "तुम्ही विचारलं कधी?"

बंधू-भगिनींनो, मार्च लागण्याच्या आत आपल्या घरातले म्हातारे माणूस जिथे झोपते तिथे एक रात्र झोपून पाहा. एवढेच सांगायचे होते.

जयभीम.